मालिशचे प्रकार आणि अंगाची गरज

मराठीत अंगाला हात लावून आराम देण्यासाठी एकच शब्द नाही. थकलेल्या माणसाचे पाय चेपतात, पाठ रगडतात, लचकलेल्या जागी तेल चोळतात, केसांच्या मुळांशी तेल जिरवतात, बाळाची टाळू भरतात आणि ते रडू लागले की त्याला थोपटतात. यातले एक क्रियापद दुसऱ्याच्या जागी चालत नाही. टाळू कोणी रगडत नाही आणि पहिलवानाची मांडी थोपटून भागत नाही. दाब किती, हात कुठल्या दिशेने, किती वेगाने, तेल लावून की कोरडा, आणि हाताखालचे अंग कोणाचे, यावरून भाषेने हा भेद केला आहे. मालिशचे जगभरातले प्रकार याच पाच गोष्टींच्या कमीजास्त प्रमाणातून घडले. शहरांतल्या मसाज केंद्रांच्या पाट्यांवर मात्र स्वीडिश, थाई, बालिनीज, डीप टिश्यू, अरोमा अशी नावे असतात. प्रकार कुठून आला ते या नावांवरून कळते. तो कोणासाठी आहे ते कळत नाही. निवड करायची तर हात नेमके काय करतो, ते पाहावे लागते.

हा विचार जुना आहे. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानातील चोविसाव्या अध्यायात अभ्यंग, उद्वर्तन, उत्सादन, उद्घर्षण आणि संवाहन अशा वेगवेगळ्या क्रिया वेगवेगळ्या फळांसह सांगितल्या आहेत. अभ्यंग म्हणजे तेल लावून केलेले मर्दन. उद्वर्तनात चूर्ण अंगाला चोळतात. दिवाळीच्या पहाटेचे उटणे हा त्याचाच घरगुती अवतार. उत्सादनात स्निग्ध कल्क वापरतात, उद्घर्षण कोरडे आणि खरखरीत असते, तर संवाहन म्हणजे नुसते सुखावह चेपणे. वाग्भटाने अष्टांगहृदयात अभ्यंग रोज करावा असे सांगितले आणि डोके, कान व पाय यांवर विशेष भर दिला. पण लगेच पुढे कफाने त्रस्त असलेल्याला, नुकतेच शोधन झालेल्याला आणि अजीर्ण झालेल्याला तो वर्ज्य केला. हितकर क्रिया कोणाला लागू नाही हे त्याच दमात सांगण्याची ही पद्धत आजच्या जाहिरातींत दिसत नाही.

पुढे ही कला राजवाड्यांतही होती आणि बाजारातही. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील तिसऱ्या सोमेश्वराने बाराव्या शतकात रचलेल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात राजाच्या उपभोगांमध्ये पादाभ्यंगाला स्वतंत्र जागा आहे. शूद्रकाच्या ‘मृच्छकटिक’ नाटकात तर संवाहक हे पात्रच आहे. पाटलिपुत्रात कला म्हणून तो अंग चेपायला शिकला, दैव फिरल्यावर तीच त्याची उपजीविका झाली, जुगारात सर्वस्व गमावल्यावर तो भिक्षू बनला. ‘मालिश’ हा शब्द फारसीतून आला. त्याच्या मुळाशी चोळणे हाच अर्थ आहे. उत्तरेत दाबण्याला ‘चाँपना’ म्हणतात. त्यातून चंपी आली आणि इंग्रजांच्या तोंडी ‘शाम्पू’ही. पाटण्यात १७५९ साली जन्मलेल्या शेख दीन मुहम्मद यांनी इंग्लंडमधील ब्रायटन येथे औषधी वाफेचे स्नानगृह काढून तिथे ही चंपी रुजवली. १८२२ मध्ये त्यांनी तिच्यावर पुस्तक लिहिले आणि चौथा जॉर्ज व चौथा विल्यम या दोन राजांच्या सेवेत ते ‘शाम्पूइंग सर्जन’ म्हणून राहिले. केस धुण्याशी या शब्दाचा संबंध नंतर जुळला.

मालिशने शरीरात काय घडते, याबद्दल लोकांच्या समजुती आणि आजचे ज्ञान यांत बरेच अंतर आहे. गुडघा आपटला की माणूस आपसूक ती जागा चोळतो आणि कळ थोडी कमी होते. रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ साली मांडलेल्या ‘गेट कंट्रोल’ सिद्धांताने याचे कारण सुचवले: स्पर्शाचे आणि दाबाचे संदेश मज्जारज्जूत पोहोचले की वेदनेच्या संदेशांची वाट काही प्रमाणात अडते. त्वचेत, विशेषतः केसाळ त्वचेत, आणखी एका प्रकारचे बारीक चेतातंतू असतात. ते सावकाश कुरवाळण्याला सर्वांत जास्त प्रतिसाद देतात. सेकंदाला साधारण एक ते दहा सेंटिमीटर हा त्यांच्या पसंतीचा वेग. आईचा हात बाळाच्या पाठीवरून जवळपास याच गतीने फिरतो. ताठरलेला स्नायू सैल पडणे, श्वास संथ होणे, झोप येणे हे परिणाम खरे आहेत आणि ते मुख्यतः मज्जासंस्थेच्या मार्फत होतात.

काही समजुती मात्र टिकत नाहीत. व्यायामानंतर साठलेले लॅक्टिक आम्ल मालिशने निघून जाते, असे व्यायामशाळांत सर्रास सांगतात. ते द्रव्य व्यायाम थांबल्यावर तासाभरात शरीर स्वतःच संपवते; दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंग दुखते ते स्नायूंच्या तंतूंना झालेल्या सूक्ष्म इजेमुळे. मालिशने चरबी विरघळत नाही. शरीरातली ‘विषे’ बाहेर टाकण्याचे काम यकृत आणि मूत्रपिंडे करतात. सुश्रुतसंहितेवरील डल्हणाच्या टीकेत तेल त्वचेवर किती वेळ राहिले म्हणजे केसांच्या मुळांपासून मज्जेपर्यंत कुठवर पोहोचते, याचे तीनशे ते नऊशे मात्रांचे गणित दिले आहे. तेल हाडांत उतरत असल्याचा पुरावा आजच्या शास्त्राकडे नाही. त्या गणितातून एक व्यवहारी सल्ला मात्र घेता येतो: तेल लावून लगेच पुसू नये, हात सावकाश फिरू द्यावा.

आज बहुतेक मसाज केंद्रांत जे चालते त्याचा पाया युरोपात घातला गेला. पेर हेन्रिक लिंग या तलवारबाजीच्या शिक्षकाने १८१३ मध्ये स्टॉकहोमला व्यायामविद्येची राष्ट्रीय संस्था स्थापन केली, त्यामुळे त्याचे नाव ‘स्वीडिश मसाज’शी जोडले गेले. प्रत्यक्षात या पद्धतीतल्या हातांच्या हालचालींची मांडणी आणि त्यांची फ्रेंच नावे योहान गेऑर्ग मेट्झगर या डच डॉक्टरने रूढ केली. युरोपातील अनेक देशांत याच पद्धतीला ‘क्लासिक मसाज’ म्हणतात. तिच्यात पाच हालचाली आहेत. पसरलेल्या तळहाताने लांबवर हात फिरवणे. कणीक मळावी तसे मांस उचलून मळणे. अंगठ्याने किंवा बोटांनी लहान जागेवर गोल चोळणे. हाताच्या कडेने किंवा ओंजळीने थोपटणे. आणि बोटे टेकवून थरथरवणे. हातापायांवर हात सहसा टोकाकडून हृदयाकडे फिरतो. तेल लागते, दाब मध्यम असतो आणि अंग झाकलेल्या चादरीतून एकेका वेळी एकच भाग उघडा ठेवतात. पहिल्यांदाच मालिश घेणाऱ्याने, विशिष्ट दुखणे नसून नुसता शीण आलेल्याने किंवा झोप उडालेल्याने हाच प्रकार निवडावा. बालिनीज, अरोमा, हवाईची लोमीलोमी यांचा तळ बराचसा हाच आहे. सुवास, हातांची लय आणि भोवतालचे वातावरण बदलते.

‘डीप टिश्यू’चे उद्दिष्ट वेगळे. यात सगळे अंग नव्हे, एखादा आखडलेला स्नायूगट गाठायचा असतो. बोटांच्या पेरांनी, कोपराने किंवा हाताच्या मागच्या बाजूने, अगदी सावकाश, स्नायूच्या तंतूंच्या दिशेने किंवा आडवा दाब देतात. लंडनचे डॉक्टर जेम्स सिरियाक्स यांनी इजा झालेल्या स्नायुबंधांवर आडवे घर्षण देण्याची रीत प्रचारात आणली. अमेरिकेत जॅनेट ट्रॅव्हेल यांनी स्नायूतील दुखऱ्या गाठींचा, म्हणजे ‘ट्रिगर पॉइंट’चा, अभ्यास केला, राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या पाठीवर त्यांनी उपचार केले होते. खांद्याजवळची गाठ दाबली की कळ डोक्यात जाते, कुल्ल्यातली दाबली की पायात उतरते, हा अनुभव त्यांनी नकाशासारखा नोंदवला. दिवसभर संगणकापुढे बसणारे, लांब पल्ल्याचे चालक, शिलाई मशीनवर वाकून काम करणारे यांच्या मानेच्या आणि खांद्याच्या जुन्या आखडण्याला ही पद्धत योग्य ठरते.

इथेच सर्वांत मोठा गैरसमजही आहे. दुखल्याशिवाय उतरत नाही, असे मानून लोक दात-ओठ खाऊन सहन करतात आणि करणाराही जोर वाढवत जातो. मोजपट्टी सोपी आहे: दाबाखाली श्वास अडकला, मुठी वळल्या किंवा अंग आपोआप दूर सरकले, तर दाब जास्त झाला. घाबरलेला स्नायू सैल पडत नाही, तो उलट घट्ट होतो. दुसऱ्या दिवशी थोडे ठणकणे चालते. निळे-काळे डाग पडणे चालत नाही. अतिजोराच्या मालिशीनंतर स्नायू फुटून मूत्रपिंडांवर ताण आल्याच्या घटना वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेल्या आहेत.

कोल्हापूरच्या तालमींत जोर-बैठका आणि लढत झाल्यावर पहिलवान एकमेकांचे अंग रगडतात. हौदातल्या तांबड्या मातीत ताक, हळद, तेल, लिंबू मिसळलेले असते. रगडणारा कधी हाताने, कधी पायानेही दाब देतो. हे तरुण, कमावलेल्या, रोज मेहनत करणाऱ्या शरीरासाठी आहे, आणि रगडणाऱ्यालाही त्या शरीराची ओळख असते. तोच रगडा पन्नाशीच्या बैठ्या माणसाने हौसेने करून घेतला तर फासळी दुखावू शकते. खेळाडूंच्या मालिशीत वेळेला महत्त्व असते: सामन्यापूर्वी ती हलकी, जलद आणि थोडाच वेळ, सामन्यानंतर संथ. नुकताच मुरगळलेला घोटा किंवा ताणला गेलेला स्नायू पहिले दोन-तीन दिवस मुळीच चोळू नये. त्या काळात तिथे रक्तस्राव आणि सूज असते, चोळल्याने दोन्ही वाढतात.

थाई आणि जपानी पद्धतींत तेल लागत नाही आणि कपडेही उतरवावे लागत नाहीत. थाई मालिश जमिनीवरच्या गादीवर होते. अंगठे, तळहात, कोपर, गुडघे, पाय यांनी ठरावीक रेषांवर दाब देतात आणि मधून मधून समोरच्याचे हातपाय धरून योगासनांसारखा ताण देतात. या रेषांना ‘सेन’ म्हणतात. मुख्य दहांपैकी तीन आहेत इत्था, पिंगखला आणि सुमना. इडा, पिंगला आणि सुषुम्ना यांची ओळख पटायला वेळ लागत नाही. राजगृहाच्या बिंबिसाराचा आणि बुद्धाचा वैद्य जीवक याला थाई परंपरा आपला आद्यगुरू मानते. बँकॉकच्या वाट फो मंदिरात एकोणिसाव्या शतकात, तिसऱ्या रामाच्या काळात, या ज्ञानाच्या शिळा बसवल्या गेल्या, आणि २०१९ साली युनेस्कोने ‘नुआद थाई’चा अमूर्त वारशाच्या यादीत समावेश केला. सांधे आखडलेल्या पण हाडे मजबूत असलेल्या, अंग उघडे टाकायला संकोचणाऱ्या माणसाला हा प्रकार आवडतो. कंबरेची चकती सरकलेल्याने, हाडे ठिसूळ झालेल्याने, सांधा बदललेल्याने तो टाळावा, कारण यातला ताण दुसऱ्याच्या हाती असतो.

जपानच्या शियात्सूत ताण कमी, बोटांचा उभा, स्थिर दाब जास्त. तोकुजिरो नामीकोशी यांनी विसाव्या शतकात तिला आजचे रूप दिले. तिच्या आधीची ‘आनमा’ ही जपानी मालिश शतकानुशतके अंध व्यक्तींचा व्यवसाय होती. सतराव्या शतकातील सुगियामा वाइची या अंध वैद्याने अंधांसाठी शिक्षणाची सोय केली. जपानात आजही मालिश करायला सरकारी परवाना लागतो आणि अंध परवानाधारक तिथे सन्मानाने काम करतात. भारतात यातून घेण्यासारखे खूप आहे.

केरळची परंपरा आयुर्वेद आणि कळरिपयट्टू ही युद्धकला यांच्या संगमातून आली. चवुट्टी उळिच्चिलमध्ये करणारा वरून टांगलेल्या दोराला धरून पायाने अंगावर तेल चोळतो. पिळिच्चिलमध्ये कोमट तेलाची धार धरतात. नवरा तांदूळ दुधात व औषधी काढ्यात शिजवून, त्याच्या पुरचुंड्यांनी शेकण्याला नवरकिळी म्हणतात. हे उपचार आहेत. त्यांच्या आधी नाडी, वय, पचन, रोग यांची तपासणी होते. पंचकर्मातही स्नेहन आणि स्वेदन ही पूर्वतयारी असते, मुख्य कर्म त्यापुढे येते. सहलीला जाऊन पाऊण तासात ‘पंचकर्म’ करून येणाऱ्यांना प्रत्यक्षात फक्त तेल आणि वाफ मिळालेली असते. त्यात गैर काही नाही, मात्र त्याला उपचार समजू नये.

घरच्या अभ्यंगासाठी तेल कोणते, हा प्रश्न नेहमी येतो. तिळाचे तेल परंपरेने वाताला हितकर मानलेले. कोकणात आणि गोव्यात खोबरेल सहज मिळते आणि उन्हाळ्यात ते सुखावते. दुखऱ्या सांध्यांना नारायण तेल, महानारायण तेल, निर्गुंडीचे तेल वापरण्याची रीत आहे. उत्तरेकडचे मोहरीचे तेल तिखट असते, नाजूक त्वचेला झोंबते. कुठलेही नवे तेल आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस पाहावे. तेल गरम करायचे तर वाटी गरम पाण्यात ठेवून; मधुमेहामुळे पायांची संवेदना गेलेल्या माणसाला चटका कळतच नाही, म्हणून त्याच्या पायाला लावण्यापूर्वी दुसऱ्याने आपल्या मनगटावर तेल पाहून घ्यावे.

सर्वांत हलक्या हाताची मालिश वैद्यकातली आहे. एमिल व एस्ट्रिड फोडर या डॅनिश दाम्पत्याने १९३०च्या दशकात लसिकावाहिन्यांसाठी ती विकसित केली. स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेत काखेतील गाठी काढल्यावर काही स्त्रियांचा हात सुजतो. हत्तीरोगात पाय सुजतो. विदर्भातल्या नागपूर, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांना हा रोग अनोळखी नाही. अशा सुजेवर त्वचा फक्त किंचित ताणली जाईल एवढाच दाब देतात, आणि सुरुवात सुजलेल्या टोकाकडून नव्हे, वरच्या निरोगी भागाकडून करतात. आधी वाट मोकळी, मग पाणी पुढे. त्यानंतर पट्ट्या बांधणे, त्वचा स्वच्छ व कोरडी ठेवणे आणि हालचाल यांची जोड लागते. नुसत्या मालिशीने सूज उतरत नाही. सुजलेला पाय लाल, गरम झाला आणि ताप आला तर तो जंतुसंसर्ग असतो. तेव्हा मालिश थांबवून रुग्णालय गाठायचे असते. हे काम प्रशिक्षित फिजिओथेरपिस्टचेच. भारतात या शास्त्राच्या शिक्षणाची सुरुवात १९५२ साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने झाली. अजूनही अनेक रुग्ण फिजिओथेरपीला ‘मालिश’ म्हणतात. तिच्यात हातांचा वाटा आहे, पण व्यायामाचा त्याहून मोठा.

कंबरदुखी आणि मानदुखी यांसाठीच लोक सर्वांत जास्त मालिश शोधतात, म्हणून तिथला पुरावा पाहावा. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सच्या २०१७ सालच्या मार्गदर्शनात नव्या कंबरदुखीसाठी औषधांआधी करून पाहण्याच्या उपायांत शेक आणि मालिश यांची नावे आहेत. जुन्या कंबरदुखीवरच्या जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ सालच्या मार्गदर्शनातही मालिशला जागा आहे, व्यायाम आणि शिक्षण यांच्या सोबतीने. दोन्हीकडे पुरावा बेताचाच असल्याचे नमूद आहे आणि लाभ बहुधा थोड्या काळाचा असतो. मात्रेचाही प्रश्न असतो. सिएटल येथील मानदुखीच्या एका अभ्यासात, जो २०१४ साली प्रसिद्ध झाला, अर्ध्या तासाच्या बैठकींचा फारसा उपयोग दिसला नाही; आठवड्यातून दोन-तीनदा तासभराची मालिश चार आठवडे घेणाऱ्यांना फरक पडला. म्हणजे दुखण्यासाठी मालिश निवडायची तर महिन्यातून एकदा मन मानेल तेव्हा जाऊन चालत नाही, आणि आराम पडलेल्या काळात व्यायाम सुरू केला नाही तर दुखणे परत येते.

काही ठिकाणी हात लावू नये. केस कापल्यावर मान एका झटक्यात मोडून देण्याची पद्धत बंद व्हायला हवी. मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या धमन्यांचे आतले अस्तर अशा झटक्याने फाटू शकते आणि पक्षाघात होऊ शकतो. लहान मुलाचा कोपर पडून दुखावला की त्याला हाडवैदाकडे नेऊन चोळून आणण्याची चूकही फार घरांत होते. कोपराच्या इजेवर मर्दन केले की स्नायूत हाड तयार होऊ शकते आणि कोपर कायमचा आखडू शकतो. अस्थिरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यांत असे हात पाहायला मिळतात. कोपर सुजला तर एक्स-रे आधी.

पायाची एकच पोटरी सुजली, दुखू लागली, गरम लागू लागली तर तिथे खोल शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. लांबच्या प्रवासानंतर, शस्त्रक्रियेनंतर, बाळंतपणानंतर, दीर्घकाळ अंथरुणावर पडल्यावर ही शंका आधी घ्यावी. अशी पोटरी चोळली तर गुठळी सुटून फुप्फुसात जाऊन जीव जाऊ शकतो. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्याने जोराचा दाब टाळावा. ताप, त्वचेचा संसर्ग, उघडी जखम, नुकता झालेला अस्थिभंग, गाठीची जागा इथे मालिश नको. कंबरदुखीबरोबर पायात बधिरपणा किंवा कमजोरी असेल, लघवी-शौचावरचा ताबा सुटला असेल, कारण नसताना वजन घटत असेल, रात्री झोपेतून उठवणारे दुखणे असेल, तर मालिशवाल्याआधी डॉक्टर. वारीच्या वाटेवर वारकऱ्यांचे पाय चेपून देणारे लोक मोठी सेवा करतात. तिथेही फोड फुटलेला किंवा लाल झालेला पाय धुऊन, झाकून वैद्यकीय पथकाकडे पाठवणे हीच सेवा.

वृद्धांसाठी वेगळा विचार लागतो. त्यांची त्वचा कागदासारखी पातळ झालेली असते, हाडे ठिसूळ असतात. त्यांना रगडणे नको, संवाहन हवे: तळपायाला, हातांना, खांद्यांना तेलाचा संथ हात. अनेक म्हाताऱ्या माणसांना दिवसभरात कोणाचा स्पर्शच होत नाही. नातवाने दहा मिनिटे पाय चेपले तर स्नायूंपेक्षा मनाला जास्त मिळते, आणि हा लाभ क्षुल्लक मानू नये.

करणाऱ्याची निवड प्रकाराइतकीच महत्त्वाची. लंडनमध्ये १८९४ साली मसाजच्या नावाखाली चालणाऱ्या गैरप्रकारांचा गवगवा झाला, तेव्हा चार परिचारिकांनी प्रशिक्षित मालिशकर्त्या स्त्रियांची संस्था काढली. डॉक्टरांच्या सांगण्याशिवाय मालिश करायची नाही, सामान्य वर्तमानपत्रांत जाहिरात करायची नाही, असे कडक नियम त्यांनी स्वतःवर घालून घेतले. ब्रिटनमधील फिजिओथेरपिस्टांची आजची सनदी संस्था त्यातूनच उभी राहिली. चांगला मालिशकर्ता आधी विचारतो: दुखते कुठे, कधीपासून, औषधे कोणती चालू आहेत, रक्तदाब, मधुमेह, गर्भ आहे का. जो काहीच न विचारता तेलाची बाटली उचलतो किंवा प्रत्येक रोग बरा करण्याची हमी देतो, त्याच्याकडून उठून यावे. अंग झाकलेले ठेवण्याचा आणि मध्येच थांबवण्याचा हक्क झोपणाऱ्याचा असतो.

महाराष्ट्रात सर्वांत जास्त घरांत होणारी मालिश बाळंतिणीची आणि बाळाची. सव्वा महिना रोज सकाळी मालिशवाली येते, बाळंतिणीच्या अंगाला तेल लावते, बाळाला पायांवर घेऊन मालिश करून न्हाऊ घालते. यातला बराच भाग उत्तम आहे. बाळंतिणीची कंबर, खांदे, पाय दिवसरात्र पाजण्याने आणि जागरणाने आंबलेले असतात. त्या तासाभरात तिच्याकडे कोणीतरी लक्ष देते. कमी दिवसांच्या बाळांना हलक्या मालिशीने वजन वाढायला मदत होते, असे अमेरिकेतील टिफनी फील्ड यांच्या १९८० च्या दशकातील अभ्यासापासून दिसत आले आहे. मुंबईच्या शीव रुग्णालयातील २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात खोबरेल तेलाची मालिश खनिज तेलापेक्षा सरस ठरली.

बदलायचे ते मोजकेच आहे. शस्त्रक्रियेने प्रसूती झाली असेल तर डॉक्टर सांगेपर्यंत पोटाला हात नको. बंद खोलीत शेगडी ठेवून शेक-धुरी नको, कोळशाचा धूर आई आणि बाळ दोघांच्याही फुप्फुसांत जातो. बाळाच्या कानात, नाकात तेल घालू नये. नाकातले तेल फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होतो. नाक उभारणे, डोके दाबून गोल करणे, छाती पिळणे, पाय धरून उलटे टांगणे हे प्रकार सोडावेत. लव जावी म्हणून डाळीचे पीठ घासू नये, ती आपोआप गळते. बाळाला पाजल्यावर लगेच मालिश नको, आणि ते तोंड फिरवून रडू लागले तर त्या दिवशी तेवढेच पुरे.

सरकारी योजनेत आशा सेविका रुग्णालयात जन्मलेल्या बाळाच्या घरी बेचाळीस दिवसांत सहा वेळा जाते. मालिशवाली रोज जाते. बाळंतिणीच्या पोटऱ्या, तिचा ताप, बाळाचा रंग, त्याची सुस्ती हे सगळे मालिशवालीच्या हाताला आणि डोळ्यांना सर्वांआधी कळते, तरी आरोग्यव्यवस्थेच्या कुठल्याही नोंदवहीत तिचे नाव नसते. गावोगावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांनी या बायकांना बोलावून दोन दिवस बसवावे, धोक्याची ही लक्षणे शिकवावीत, आणि कोणाला फोन करायचा तो क्रमांक त्यांच्या हाती द्यावा.